चार नावांचा कागद

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही म्हण माझ्या कपाळावर गोंदवायला हवी. मी डोर्ते. नगरपालिकेच्या खिडकीत बसते, आता पंचवीस वर्षं होत आली. पत्ता बदलायचाय, पासपोर्ट काढायचाय, आरोग्याचं पिवळं कार्ड हरवलंय, की माणसं नंबराची चिठ्ठी घेऊन माझ्यापुढे येतात. अर्ध्या गावाची कार्डं माझ्या हातून गेली असतील. मी सांगते ते लोक ऐकतात, परत विचारत नाहीत. म्हणून तर लाज जास्त वाटते.

पण गोष्ट माझ्या बाबाची आहे. त्याचं नाव आयगिल. पंधराव्या वर्षी तो डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती, सुरीनं गेलेली. पोरं विचारायची तेव्हा म्हणायचा, "तुमच्या नाश्त्याच्या सॉसेजमध्ये बघा, सापडतील." बारा वर्षं तो कामगारांचा प्रतिनिधी होता. मालकापुढे उभं राहून बोलणारा माणूस, पण घरात आवाज चढवलेला मला आठवत नाही. आई गेल्यावर एकटा राहायचा, सकाळी सायकलवरून बंदरावर जायचा, स्वतःची छोटी होडी खाडीत घालायचा आणि चपटे मासे घेऊन यायचा. त्यातले दोन मासे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दाराच्या कडीला लटकवलेले असायचे. घंटी वाजवायचा नाही. म्हणायचा, उगाच कशाला कुणाला उठवा.

त्याचं एक तत्त्व होतं: एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरायचे नाहीत. "अर्धी कमाई कर म्हणून दिली आयुष्यभर, आणि आनंदानं दिली," तो म्हणायचा. "आता आजारी पडलो तर देश बघेल. मग विमा कंपनीच्या कोटवाल्यांना कशाला पोसू?" त्याच्या बापाचा पाय मोडला होता तेव्हा बाप चार महिने घरी पडून होता आणि आजी शेजाऱ्यांकडे बटाटे मागत होती. ते दिवस त्यानं बघितले होते. त्यामुळं ते पिवळं कार्ड म्हणजे त्याला नुसतं कार्ड नव्हतं. पाकिटात सगळ्यात पुढे तेच. आईचा फोटो त्याच्या मागे.

आणि त्या कार्डाची आमच्या घरात एक कथा होती. मी बारा वर्षांची असताना आम्ही तंबू घेऊन ऑस्ट्रियाला गेलो होतो. तिथं माझं अपेंडिक्स फुगलं. मध्यरात्र, अनोळखी दवाखाना, बाबाला जर्मनचे चार शब्द येत होते, त्यातले तीन शिव्या. त्यानं पाकीट काढलं, पिवळं कार्ड टेबलावर आपटलं आणि आमच्याच भाषेत ओरडला, "ही माझी पोरगी आहे!" माझं ऑपरेशन झालं. आठवड्यानं मी घरी आले. एका पैशाचं बिल नाही. ही कथा दर वाढदिवसाला व्हायची, आणि दर वर्षी ते आपटणं जरा जास्त जोरात व्हायचं.

आता माझ्या कपाळावरच्या म्हणीचं ऐका. सन दोन हजार चौदाच्या ऑगस्टपासून सरकारनं हे बंद केलं. पिवळं कार्ड घरात चालतं, परदेशात सुट्टीला गेलात तर नाही. युरोपसाठी एक निळं कार्ड मागवून घ्यायचं, फुकट मिळतं. पण ते तिथल्या सरकारी दवाखान्यापुरतं. आजारी माणसाला विमानानं घरी आणायचं असेल तर ज्याचं त्यानं बघायचं. खिडकीच्या काचेवर तो कागद मी स्वतः चिकटवला. त्या उन्हाळ्यात दिवसातून तीसदा म्हटलं असेल, "नाही हो, ते दिवस गेले. निळं कार्ड घ्या आणि प्रवासाचा विमा काढा, आणि घरी आणण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा." म्हातारी माणसं चिडायची. म्हणायची, आम्ही कर भरला नाही काय? मी हसून म्हणायची, माझे वडील पण हेच म्हणतील. म्हणतील! बाबाला सांगितलं कुठं होतं मी?

पुढच्या वर्षी बाबाला पंचाहत्तर झाली. आम्ही ठरवलं, भेट म्हणून त्याला ऑक्टोबरात, शाळांना बटाटे काढणीच्या नावानं अजून मिळते त्या बटाटा-सुट्टीत, क्रीट बेटावर न्यायचं. मी, माझा नवरा प्रेबेन, मुलं सिसेल आणि माल्ते, आणि बाबा. वाढदिवसाला त्याच्या घरी कॉफीचं टेबल मांडलं होतं. छोटे झेंडे, वेलदोड्याचे पाव, सायीचा थरांचा केक, सगळं रीतसर. माझी धाकटी बहीण गिट्टे आणि तिचा नवरा तोर्किल आले होते. तोर्किल शाळेत गणित शिकवतो. त्यानं भेटीबरोबर एक फाईल आणली होती.

"तुमच्या सहलीसाठी मी तीन कंपन्यांचे विमे तपासून बघितलेत," तो म्हणाला आणि केक बाजूला सारून फाईल उघडली. रंगीत पेनांनी रकाने आखलेले. सामान हरवलं तर किती, सहल रद्द झाली तर किती, घरी आणायचा खर्च कोण देतं. "हा हिरवा मला बरा वाटतो. आयगिल, तुमच्या वयाला थोडा जास्त पडतो, पण..."

"तोर्किल," बाबा म्हणाला, "फाईलवर साय सांडली तर तिचाही विमा आहे का त्यात?"

सगळे हसले. तोर्किलही हसला, पण त्याचे कान लाल झाले. बाबानं पाकीट काढलं. पिवळं कार्ड आलं, टेबलावर आपटलं. झेंडे हलले. "हा माझा विमा. ऑस्ट्रियात चालला, क्रीटमध्ये का नाही चालणार?"

"मी कुठंतरी वाचलं की ते नियम आता बदललेत," तोर्किल म्हणाला. "मला वाटतं..."

"तुला वाटतं! अरे, ज्या खिडकीतून ही कार्डं निघतात तिथं माझी लेक बसते." बाबा माझ्याकडे वळला. चेहरा असा फुललेला. पुढे बसलेल्या दोन शेजाऱ्यांनाही दिसावं म्हणून त्यानं कार्ड वर धरलं होतं. "चालतं ना गं, डोर्ते?"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. तोर्किलच्या ओठावर ते मास्तरी हसू तयारच होतं, आता म्हातारा आपटणार म्हणून. आणि मी मान हलवली. हो म्हणून. तोंडातून शब्द काढला नाही, म्हणजे खोटं बोलले नाही, अशी स्वतःची समजूत मी कितीतरी दिवस घालत होते. काय ते शहाणपण!

उद्या सांगू, असं ठरवलं होतं. एकटा असेल तेव्हा हळूच सांगू, त्याचा पाणउतारा होणार नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर तो होडीला रंग देत होता, गुणगुणत होता. नाही सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी विमा कंपनीला फोन लावला. मनात म्हटलं, मीच काढते सगळ्यांचा, त्याला कळायचंही नाही. पलीकडे एक भली मुलगी होती. तिनं विचारलं, बरोबर कुणी वयस्कर? म्हटलं, वडील, पंचाहत्तर. काही आजार? हृदयाच्या गोळ्या आहेत. गेल्या दोन महिन्यांत गोळ्या बदलल्या का? बदलल्या होत्या, ऑगस्टमध्ये.

"मग त्यांच्या डॉक्टरचा कागद लागेल," ती म्हणाली, "आणि त्यांची सही. फॉर्म पाठवू का?"

सही! म्हणजे त्याच्यापुढे फॉर्म ठेवायचा आणि म्हणायचं, बाबा, तुझं कार्ड मेलंय, वर्ष झालं, मला माहीत होतं आणि भर टेबलावर मी मान हलवली. ऑफिसात दिवसातून तीसदा परक्यांना सांगितलेलं एक वाक्य बापाला सांगायला माझी जीभ उचलेना.

"आत्ता नको," मी म्हटलं. "सध्या आम्हा चौघांचाच काढा."

हे मी केलं. नवरा, दोन मुलं आणि मी. चार नावं. कागद घरी आला, मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टांजवळ ठेवला. प्रेबेननं विचारलं, "आयगिलचं काय?" म्हटलं, "त्याचं वेगळं बघते मी." त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. खिडकीत बसते ना मी! निळी कार्डंही आमची चारच मागवली, बाबाचं मागवलं तर ते टपालानं त्याच्या घरी गेलं असतं. नंतर मी स्वतःला म्हणत होते, एका आठवड्यात काय होणार आहे? सायकल चालवणारा माणूस, माझ्यापेक्षा ठणठणीत.

क्रीटला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या अंगणात, सकाळी, पाणी मारलेल्या पायऱ्यांवरून तो घसरला. मुलांसाठी पाव आणायला निघाला होता. खुबा मोडला.

सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांबद्दल एक वाईट शब्द काढणार नाही मी. त्यांनी सगळं केलं. निळ्या कार्डाऐवजी चालेल असा कागद हवा होता, म्हणून मी माझ्याच ऑफिसात फोन केला. शेजारच्या खिडकीतल्या युट्टेनं उचलला. "कुणाचा? तुझ्या वडिलांचा?" तिनं विचारलं. "तुझ्या वडिलांकडे नाही, डोर्ते?" कागद तिनं दहा मिनिटांत पाठवला. मी परत आल्यावरही ती त्याबद्दल कधी बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सहल कंपनीची बाई आली. आमच्याकडचीच, तरुण, केसांची वेणी घातलेली. बाबा जागा होता, उशीला टेकून. त्याच्या खोलीत आणखी तीन म्हातारे होते, त्यांचे नातेवाईक डबे घेऊन बसलेले, मोठ्यांदा बोलत. बाबाला एक अक्षर कळत नव्हतं. तो नुसता हसून मान डोलवायचा.

"आता घरी न्यायचं बघू," ती म्हणाली. "महिनाभर तरी बसून प्रवास जमणार नाही, डॉक्टर म्हणतात. झोपवून न्यावं लागेल, बरोबर नर्स. विम्याचे कागद द्या, मी लगेच फोन लावते."

मी पिशवीतून कागद काढला. तिला बाहेर बोलवायला हवं होतं, तेवढीही अक्कल राहिली नाही. तिनं वाचायला सुरुवात केली, आमच्या भाषेत, स्वच्छ आवाजात. "डोर्ते... प्रेबेन... सिसेल... माल्ते." कागद उलटा करून बघितला. "आणि आयगिल?"

"माझ्याकडे पिवळं कार्ड आहे," बाबा म्हणाला. "पाकिटात. पँटच्या खिशात बघा."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे. शेवटी तीच बिचारी त्याच्या पलंगाजवळ वाकली. "ते बंद झालं, आयगिल. वर्ष उलटून गेलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

बाबानं हात पुढे केला. तिनं कागद दिला. त्यानं चष्मा मागितला, मी दिला. त्यानं नावं वाचली, एकेक, अर्ध्या बोटानं ओळ धरून. मग बोट वर गेलं, तारखेवर. वाढदिवसानंतरचा दुसरा दिवस. तिथं ते बोट बराच वेळ थांबलं. मालकाचे करार वाचणारा माणूस तो. त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, आता बोलेल. बाबा, बोल काहीतरी, शिवी दे! त्यानं कागदाची घडी घातली, होती तशीच, आणि मला परत दिली.

"पिशवीत ठेव," म्हणाला. "हरवेल."

झोपवून न्यायचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. सुट्टी संपली. मुलांची शाळा, प्रेबेनचं काम, माझी रजा. मी राहते म्हटलं, तर बाबा म्हणाला, "जा तू. लोक चिठ्ठी घेऊन रांगेत बसले असतील." आणि मी गेले. विमानात बसल्यावर माल्ते म्हणाला, "आजोबांची सीट रिकामी आहे." सिसेलनं त्याला कोपरानं ढोसलं.

सव्वीस दिवस तो तिथं एकटा होता. मी रोज फोन करायची. तो सांगायचा, शेजारच्या म्हाताऱ्याची सून मलाही सूप देते, मी तिला आमच्याकडचे चार शब्द शिकवतोय. एकदा फक्त म्हणाला, "रात्री फार मोठ्या असतात इथं, डोर्ते." नंतर लगेच हवेची चौकशी केली. मग फुफ्फुसात पाणी झालं, आणखी चार दिवस वाढले. शेवटी मी जाऊन त्याला आणलं, तीन सीटांवर पाय लांब करून, पैसे देऊन घेतलेल्या नर्ससह. त्यासाठी त्यानं होडी विकली. फोनवरून, बंदरावरच्या एका ओळखीच्याला. मला विचारलंही नाही. मी पैसे देते म्हटलं, तर म्हणाला, "या पायानं आता होडीत कोण चढणार आहे?" त्यानंतर माझ्या दाराच्या कडीला मासे लटकले नाहीत.

त्या हिवाळ्यात मी कितीतरी वेळा त्याच्याकडे गेले. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून. तो काठी घेऊन दार उघडायचा, कॉफी ओतायचा, आणि मी मूग गिळून बसायची.

मग शहात्तरावा वाढदिवस आला. तेच टेबल, तेच झेंडे, तीच माणसं. केक कापून झाला. तोर्किल तसा वाईट नाही, पण गणिताच्या माणसाला उत्तर जुळल्याशिवाय चैन पडत नाही. "एक कोडं मला अजून सुटलं नाही," तो म्हणाला. "डोर्ते तर तिथंच बसते. काचेवर कागद लावलेला मी स्वतः बघून आलो, चौदा सालापासूनचा. मग आयगिलला बिनविम्याचं नेलं कसं?"

गिट्टे म्हणाली, "जाऊ दे ना तोर्किल, आज कशाला," पण तीही माझ्याकडे बघत होती. प्रेबेनही. त्यानं वर्षभर विचारलं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं. आता सांगून टाकते, एकदाची सुटते. तोंड उघडलं.

"तिनं सांगितलं होतं मला," बाबा म्हणाला.

तो पावाला लोणी लावत होता, वरही बघितलं नाही. "वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. फॉर्म घेऊन. मी होडीला रंग देत होतो. म्हटलं, नेऊन जाळ तो कागद, मी सही करणार नाही. तीनदा आली बिचारी. टेबलावर तुम्हा सगळ्यांपुढे माझी लाज राखायची म्हणून तिनं मान हलवली होती. म्हातारं गाढव मी. माझ्यामुळं पोरीला फार सोसावं लागलं."

"मला वाटलंच होतं!" तोर्किल म्हणाला आणि खुर्चीत सैल झाला. उत्तर जुळलं होतं. सगळे हसले, शेजारीण म्हणाली, पुरुष सगळे असेच. प्रेबेननं टेबलाखाली माझा हात धरला. बाबानं कॉफीचा कप माझ्या दिशेनं जरा उचलला.

आणि मी मान हलवली. हो म्हणून. त्याच टेबलाशी, दुसऱ्यांदा.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. तो भांडी धूत होता, काठी ओट्याला टेकवलेली. मी म्हटलं, "बाबा, तू असं का सांगितलंस? मी तर तुला..."

"टॉवेल दे," तो म्हणाला.

मी दिला. त्यानं हात पुसले, एकेक बोट, अर्धी बोटंसुद्धा. "तू खिडकीत बसतेस, डोर्ते. उद्या तो तोर्किल चार ठिकाणी बोलला असता. लोकांनी तुझं ऐकलं पाहिजे. माझं काय, मला हट्टी म्हटलं तर काही बिघडत नाही, तसा मी आहेच." मग कपाट उघडून म्हणाला, "हे कप वरच्या फळीत ठेव, माझा हात पोचत नाही आता."

मला रडायला आलं. मी कप ठेवले. माफ कर, हे दोन शब्द तेव्हाही आले नाहीत. पुढे दीड वर्षं तो होता. तेव्हाही नाही.

बाबाच्या अंत्यविधीनंतर, चर्चमधून परतल्यावर सभागृहात कॉफी होती. तोर्किलनं बाबाबद्दल दोन शब्द बोलायला उभं राहून चमच्यानं कप वाजवला. कारखान्याचं सांगितलं, बोटांचं, ऑस्ट्रियाचं. आणि मग म्हणाला, "आयगिल किती हट्टी होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. सख्खी लेक तीनदा विम्याचा फॉर्म घेऊन गेली, तरी गड्यानं सही केली नाही!"

सगळं सभागृह हसलं, डोळे पुसत हसलं. मी पहिल्या रांगेत होते. मीही हसले.